टक्केवारीने मोजलेले कसब

दहावीचा निकाल लागला की पुढच्या शिक्षणाची चर्चा बहुतेक घरांत एकाच क्रमाने होते. आधी विज्ञान शाखा, ती जमणार नसेल तर वाणिज्य, मग कला, आणि टक्के अगदीच कमी पडले असतील तर ‘आयटीआयचा फॉर्म भरून टाक’. नागपूर जिल्ह्यातला पारशिवनी तालुकाही याला अपवाद नाही. वास्तविक हा तालुका कुशल हातांवर किती उभा आहे हे नुसता नकाशा उघडला तरी कळते. नवेगाव खैरीच्या धरणात अडवलेले पेंचचे पाणी कालव्यांतून धानाच्या बांध्यांत जाते आणि नागपूर शहराच्या नळांनाही येते. कन्हानच्या बाजूला गोंडेगाव, इंदर या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी आहेत. शेजारच्या तालुक्यांत खापरखेड्याचे १,३४० मेगावॅटचे आणि कोराडीचे त्याहून मोठे औष्णिक वीज केंद्र आहे. शेतोशेती विजेचे पंप आहेत. धरणाची दारे, खाणीतले डंपर, बॉयलरच्या नळ्या, विहिरीवरची मोटार ही सगळी यंत्रे फिटर, वेल्डर, वीजतंत्री आणि डिझेल मेकॅनिक यांच्या हाताखाली चालतात. तरीही यांपैकी कोणता तरी व्यवसाय शिकायचा, ही गोष्ट घराघरांत शेवटचा पर्याय म्हणूनच बोलली जाते.

या व्यवसायांबद्दलचे गैरसमज मोजायला बसले तर बरेच निघतात. हे अभ्यासात कच्च्या मुलांचे काम, यात डोके लागत नाही, यात पैसा नाही, पुढे शिकण्याचा रस्ता बंद होतो, मुलींना हे झेपणार नाही. ते सुटे सुटे खोडून काढता येतात, पण तसे केल्याने फारसे हाती लागत नाही, कारण या सगळ्यांचे मूळ एकच आहे. वकिली कशी असते हे आपण नावाजलेल्या वकिलाकडे पाहून ठरवतो, डॉक्टरकीचा अंदाज मोठ्या डॉक्टरवरून बांधतो. फिटर किंवा वायरमनच्या धंद्याची किंमत मात्र त्यात शिरणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाच्या दहावीच्या टक्क्यांवरून करतो. त्या धंद्यात दहा-पंधरा वर्षे घालवलेला माणूस काय जाणतो आणि काय मिळवतो, हे आपल्या हिशेबात येतच नाही. दारातून आत कोण गेले एवढेच पाहायचे, आतला जिना पाहायचाच नाही, अशी ही चूक आहे.

ही चूक अज्ञानातून आलेली नाही, म्हणून पालकांना दोष देण्याआधी तिचा इतिहास समजून घ्यायला हवा. गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांचे काम जन्माने ठरलेले होते. कसब होते, पण ते निवडलेले नव्हते आणि सोडताही येत नव्हते. मोबदला बलुत्याच्या धान्यात मिळे आणि गावातली पायरीही ठरलेली असे. ज्या घरांनी हे पिढ्यान्‌पिढ्या सोसले, त्यांच्या दृष्टीने शाळा म्हणजे हातोडा आणि ऐरणीपासून सुटका होती. मुलगा टेबलाशी बसून काम करील, कपडे मळणार नाहीत, कोणी नावापुढे जात जोडून हाक मारणार नाही, या आशेला हलके समजणे अन्यायाचे होईल. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात लिहिणे, वाचणे आणि हिशेब यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञानही शाळेत द्यावे अशी मागणी होती. पण सरकारी शिक्षणातून प्रत्यक्षात कारकुनाच्या खुर्चीकडे जाणारी वाटच रुंद होत गेली.

पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि नई तालीमची योजना मांडली गेली. सूतकताई, शेती, सुतारकाम यांतूनच गणित, विज्ञान आणि भूगोल शिकवायचा, ही तिच्या मुळाशी असलेली कल्पना. सेवाग्रामला ती अनेक वर्षे मनापासून राबवली गेली. पण शहरातल्या मुलाच्या हातात पुस्तक आणि खेड्यातल्या मुलाच्या हातात टकळी असे चित्र दिसू लागल्यावर, हे शिक्षण गरिबांसाठी वेगळे काढलेले आहे अशी शंका येणे स्वाभाविक होते. श्रमाला मान द्या, असे सांगणाऱ्याची स्वतःची मुले दुसऱ्याच शाळेत जात असतील तर ऐकणारा विश्वास कसा ठेवील? आज आयटीआयबद्दल जी शंका आहे ती याच जातीची आहे. ती भाषणांनी जाणार नाही. या कामाच्या आत काय असते, त्यातून कोणती मिळकत होते आणि कुठे फसवणूक होते, हे समोर ठेवले तरच ती कमी होऊ शकते.

डोके लागत नाही, या समजुतीपासून सुरुवात करू, कारण बाकीच्या समजुतींना तिचाच आधार असतो. या भागातल्या कोणत्याही बाजाराच्या गावात मोटार रिवाइंडिंगचे एखादे दुकान असते. शेतकरी जळालेली तीन फेजची मोटार आणून टाकतो. चांगला कारागीर जुनी तार ओढून काढण्याआधी वेटोळी नीट पाहून घेतो, कारण मोटार का जळाली हे त्या काळ्या पडलेल्या तांब्यातच लिहिलेले असते. स्टार जोडणीच्या मोटारीत दोन फेजची वेटोळी जळून कोळसा झाली असतील आणि तिसऱ्या फेजची स्वच्छ असतील, तर चालू मोटारीचा एक फेज उडाला होता. उरलेल्या दोन फेजमधून जास्त प्रवाह गेला आणि तीच तापून जळाली. डेल्टा जोडणीत हेच घडले तर चित्र उलटे दिसते, एक फेज जळते आणि दोन वाचतात. तिन्ही फेज सारख्याच करपल्या असतील तर कारण दुसरीकडे शोधायला हवे: पंप अडकला असेल, भार जास्त झाला असेल किंवा दाब कमी मिळत असेल. एकाच वेटोळ्यावर एका जागी डाग असेल तर तिथला मुलामा उडून तारेला तार लागली आहे. हे निदान न करता मोटार भरून दिली, तर स्टार्टर किंवा फ्यूजमधला दोष तसाच राहतो आणि पाणी द्यायच्या ऐन दिवसांत तीच मोटार पुन्हा दुकानात येते.

निदान झाल्यावर मोजमाप येते. स्लॉट किती, एका वेटोळ्यात फेरे किती, तारेचा गेज कोणता, एका वेटोळ्याचा पसारा किती स्लॉटचा, हे सगळे जुनी तार काढताना मोजून लिहून ठेवावे लागते. फेरे कमी पडले तर मोटार जास्त प्रवाह ओढते; तार बारीक वापरली तर तापते; जोडणी उलटी झाली तर मोटार घुमते पण भार घेत नाही. विहिरीबाहेरच्या मोनोब्लॉकला मुलामा दिलेली तांब्याची तार लागते आणि भरून झाल्यावर वॉर्निश पाजून ती वाळवावी लागते. बोअरवेलमधल्या पाण्याने भरलेल्या सबमर्सिबलला प्लॅस्टिकचे वेष्टन असलेली वेगळी तार लागते, तिथे वॉर्निशचे काम नसते. शेवटी मेगर लावून तार आणि लोखंडी अंग यांच्यामधला विद्युतरोध तपासायचा. लक्षणांवरून कारण शोधणे, ते तपासून पाहणे, मोजमाप करणे, अंदाज चुकला तर पुन्हा मागे जाणे, हीच विज्ञानाची रीत आहे. प्रयोगशाळेत केलेल्या या कामाला आपण बुद्धिमत्ता म्हणतो आणि पत्र्याच्या छपराखाली केलेल्या याच कामाला हातकाम म्हणतो. हा फरक कामाच्या स्वरूपात मुळीच नाही.

वेल्डरचे उदाहरण तर याहून बोलके आहे, कारण वेल्डिंगचा आयटीआय अभ्यासक्रम एकाच वर्षाचा आणि आठवी उत्तीर्ण मुलालाही खुला असल्याने त्याला सर्वांत खाली धरले जाते. खिडकीची जाळी जोडणारा आणि बॉयलरची नळी जोडणारा, दोघेही वेल्डरच. कोराडीला ६६० मेगावॅटचे तीन संच सुपरक्रिटिकल प्रकारचे आहेत. पाणी आणि वाफ यांतला फरकच जिथे संपतो तो दाब २२१ बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे सव्वादोनशे पट; या संचांच्या बॉयलरमध्ये दाब त्याच्याही वर असतो. तो पेलणाऱ्या नळ्यांचे असंख्य सांधे माणसांनी जोडलेले असतात. अशा कामासाठी भारतीय बॉयलर विनियम, १९५० प्रमाणे वेल्डरला स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. कारखान्यांत त्याला आयबीआर वेल्डर म्हणतात. सरावातली सर्वांत अवघड मांडणी म्हणजे सिक्स-जी: नळी ४५ अंशांत तिरकी घट्ट बसवलेली असते, ती फिरवता येत नाही, वेल्डरलाच तिच्याभोवती फिरावे लागते. वरून, बाजूने आणि खालून डोक्यावर, प्रत्येक स्थितीत वितळलेला धातू वेगळा वागतो. आतला पहिला थर, म्हणजे रूट, टिगने घालायचा आणि त्यावर पुढचे थर चढवायचे. नंतर सांध्याचा एक्स-रे काढला जातो. आत हवेचा बुडबुडा राहिला, धातू कडेला नीट मिसळला नाही, तर फिल्मवर तो दोष सहसा दिसतो. इथे ओळख चालत नाही, शिफारस चालत नाही. एका नळीच्या गळतीमुळे ६६० मेगावॅटचा संच एक दिवस बंद पडला, तर तो पूर्ण क्षमतेने चालला असता तेव्हा तयार झाली असती अशी सुमारे १ कोटी ५८ लाख युनिट वीज बुडते. एवढी जोखीम ज्याच्या मनगटाच्या स्थिरतेवर आहे, त्याच्याबद्दल ‘दहावीत कमी पडले म्हणून वेल्डर झाला’ असे बोलले जाते.

आता पैशाकडे येऊ. यात पैसा नाही, हे विधान सरसकट खोटे नाही आणि सरसकट खरेही नाही. पहिल्या पायरीवर ते बरेचसे खरे आहे. आयटीआय उत्तीर्ण होऊन शिकाऊ उमेदवार म्हणून लागलेल्या मुलाला शिकाऊ उमेदवारी नियमांतल्या २०१९ च्या सुधारणेने महिना किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरवले. घरापासून लांब, बुटीबोरीसारख्या औद्योगिक वसाहतीत खोली घेऊन राहणाऱ्याला ते पुरणारे नव्हते. दुसऱ्या पायरीवर चित्र बदलते. महावितरणने २०२३ च्या अखेरीस विद्युत सहायकांच्या ५,३४७ जागा काढल्या. त्यांना वीजतंत्री किंवा तारतंत्रीचे प्रमाणपत्र लागत होते. पहिली तीन वर्षे अनुक्रमे १५,०००, १६,००० आणि १७,००० रुपये मानधन आणि त्यानंतर नियमित तंत्रज्ञ म्हणून वेतनश्रेणी, असे त्याचे स्वरूप. रेल्वेने २०२४ मध्ये सहायक लोको पायलटच्या १८,७९९ जागा भरायला घेतल्या. दहावीनंतर ठराविक ट्रेडचा आयटीआय ही त्याची एक पात्रता, सुरुवातीचे मूळ वेतन १९,९०० रुपये आणि त्यावर भत्ते. कोळसा खाणीतल्या कायम कामगारांचे वेतन राष्ट्रीय कोळसा वेतन कराराने ठरते. मे २०२३ मध्ये झालेल्या अकराव्या करारात किमान १९ टक्के वाढ देण्यात आली आणि ती १ जुलै २०२१ पासून लागू धरली गेली. खाणीतल्या कायम वीजतंत्र्याचा पगार पाहून गावातले कित्येक पदवीधर त्याच नोकरीसाठी धडपडतात, हे पारशिवनी-कन्हानकडच्या लोकांना वेगळे सांगायला नको.

पण इथेच सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो. अशा कायम जागा किती? एका जागेमागे अर्ज किती? खाणीत, वीज केंद्रात, कारखान्यात आज बरेचसे काम कंत्राटदारांमार्फत होते. तेच मशीन, तीच पाळी, तोच धोका, आणि पगार कायम कामगाराच्या काही अंशाएवढा. काम संपले की ठेकेदार बदलतो आणि माणूस पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. शिकाऊ उमेदवारीचा काळ संपल्यावर कंपनीने त्याला नोकरीवर घ्यावेच असे कायदा सांगत नाही. स्वस्तात हात मिळवण्याची सोय म्हणून काही ठिकाणी तिचा वापर होतो. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र त्यावरून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. कमी पगाराचे कारण फिटरच्या कामात नसून त्याला कामावर ठेवण्याच्या पद्धतीत आहे, आणि ती पद्धत फक्त फिटरलाच लागू आहे असे नाही. कंत्राटी प्राध्यापक, तासिका तत्त्वावरचे शिक्षक, मानधनावरचे डेटा एंट्री ऑपरेटर, या सगळ्यांची गत तीच आहे. म्हणून ‘आयटीआय केला तर कंत्राटदाराकडे राबावे लागेल, त्यापेक्षा बी.ए. करू दे’ हा युक्तिवाद टिकत नाही, कारण बी.ए. नंतरही तोच कंत्राटदार भेटण्याची शक्यता असते, आणि तेव्हा हातात दाखवायला कसब नसते.

पदवीधरांच्या बेकारीचे आकडे या वादात नेहमी पुढे केले जातात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतातल्या पदवीधर तरुणांत बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. यावरून शिक्षण निरुपयोगी ठरते, असे म्हणणारे आकड्यांचा चुकीचा अर्थ लावतात. ज्याच्या घरी चूल पेटायची चिंता आहे तो बेकार राहूच शकत नाही. मिळेल ते काम मिळेल त्या मजुरीवर धरतो. पदवीधर थांबू शकतो, म्हणून थांबतो. तेव्हा या आकड्यातून कुशल व्यवसाय श्रेष्ठ असे सिद्ध होत नाही. त्यातून एवढेच दिसते की पदवी घेतली की नोकरी ठरलेली, हा दुसऱ्या बाजूचा समजही तितकाच पोकळ आहे. दोन्ही वाटांवर जोखीम आहे. त्यांपैकी एका वाटेवरची जोखीम आपण मोजतो आणि दुसरीवरची मोजत नाही, यावर माझी हरकत आहे.

आणखी एक आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीनुसार १५ ते २९ वयोगटातल्या अवघ्या ४.४ टक्के तरुणांनी औपचारिक व्यवसाय प्रशिक्षण घेतले होते आणि १६.६ टक्के जण अनौपचारिक रीतीने शिकलेले होते. म्हणजे आपल्याकडे कसब मुख्यतः कोणाच्या तरी हाताखाली राहून येते: गॅरेजमध्ये, रिवाइंडिंगच्या दुकानात, मिस्त्रीबरोबर. हे शिक्षण कमी दर्जाचे नसते, पण त्याची नोंद कुठेच नसते. दुकानात सात वर्षे मोटारी भरलेला माणूस महावितरणच्या जाहिरातीला अर्ज करू शकत नाही, तर ज्याने प्रमाणपत्र घेतले पण मोटार कधी उघडली नाही तो करू शकतो. यांतल्या पहिल्याला कागदाची उणीव भरून काढता येईल अशी सोय पूर्वज्ञानाला मान्यता देण्याच्या सरकारी योजनेत आहे खरी, पण अशा थोड्या दिवसांच्या प्रमाणपत्राला नोकरीच्या जाहिरातीत आयटीआयइतके वजन मिळत नाही. कसब एकाकडे आणि कागद दुसऱ्याकडे, ही फारकत मिटत नाही तोवर व्यवसायाची खरी किंमत बाजारात दिसणार नाही, आणि ती दिसत नाही म्हणून गैरसमज टिकून राहतात.

पुढचा रस्ता बंद होतो, हा समज तर नियम वाचले तरी दूर होतो. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात. वीजतंत्र्याला किंवा तारतंत्र्याला परवाना मिळवून पुढे पर्यवेक्षक आणि विद्युत ठेकेदार होण्याची वाट आहे. शिक्षक व्हायचे असेल तर निदेशकांसाठीचे वेगळे प्रशिक्षण घेऊन आयटीआयमध्येच शिल्पनिदेशक होता येते. अडचण वेगळीच आहे, आणि ती लपवू नये. आयटीआयहून थेट पदविकेला गेलेल्या मुलाला गणित आणि इंग्रजी पाठ्यपुस्तके जड जातात, कारण मधल्या दोन वर्षांत त्याचा सराव सुटलेला असतो. वाट उघडी असते, चालायला मदत मात्र मिळत नाही. जर्मनीत कारागिरीच्या शिखरावरची ‘माइस्टर’ ही पात्रता तिथल्या राष्ट्रीय आराखड्यात विद्यापीठाच्या पदवीच्या बरोबरीने सहाव्या पातळीवर धरली जाते. एका देशाने दोन्ही जिन्यांचे मजले समोरासमोर आणून ठेवले आहेत. आपल्याला तेथवर जायला वेळ आहे, पण ते अशक्य नाही एवढे त्यावरून कळते.

मुलींच्या बाबतीत घरच्या समजुतीआधी कायद्याने घातलेले अडथळे होते, हे लक्षात घ्यावे लागते. खाण अधिनियम, १९५२ च्या ४६ व्या कलमाने स्त्रियांना भूमिगत खाणीत काम करायला मनाई होती. तांत्रिक, पर्यवेक्षकीय आणि व्यवस्थापनाच्या कामांपुरती ती जानेवारी २०१९ मध्ये शिथिल झाली. म्हणजे खाणीशेजारी राहणाऱ्या मुलीला ‘हे तुझे काम नाही’ असे सांगणारे आईवडील कालपरवापर्यंत कायद्याचीच भाषा बोलत होते. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत पदविका घेतली, रेल्वेत चालक झाल्या आणि १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत घेऊन आल्या. इंजिन चालवायला ताकद लागत नाही, लागते ते लक्ष, नियमांचे ज्ञान आणि शांत डोके. वीजतंत्री, इलेक्ट्रॉनिक्स, यंत्रावर मोजमापाचे काम, यांतही तेच. मुलींना खरी अडचण येते ती कामावर पोहोचण्याची, रात्रपाळीची आणि स्वच्छतागृहाची. या अडचणी खऱ्या आहेत आणि सोडवण्याजोग्या आहेत. पण त्या मुलीच्या क्षमतेच्या अडचणी म्हणून सांगितल्या जातात.

यंत्रमानव आणि संगणक आले की ही कामे जाणार, अशी भीतीही आता ऐकू येते. एकाच जागी तोच टाका हजार वेळा घालायचा असेल तर ते काम यंत्र घेईल, घेतही आहे. पण बांधावरच्या विहिरीत उतरून पंप काढणे, चाळीस वर्षे जुन्या इमारतीतली वायरिंग शोधणे, बंद पडलेल्या बॉयलरच्या आत शिरून गळकी नळी बदलणे, इथे प्रत्येक जागा वेगळी असते. ही कामे लवकर जाणारी नाहीत.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की आयटीआय केला की भाग्य उजळले. हाही एक गैरसमजच आहे, आणि अलीकडे तो उत्साहाने पसरवला जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, तेव्हा दहा हजार तरुणांचा आकडा सर्वत्र झळकला. पण जर्मनीत कामाला जायचे तर जर्मन भाषा ठराविक पातळीपर्यंत यावी लागते आणि आपले प्रमाणपत्र तिथल्या अभ्यासक्रमाशी ताडून मान्य करून घ्यावे लागते. हे महिन्या-दोन महिन्यांचे काम नव्हे. भाषणात हा भाग येत नाही, आणि मग जाऊ न शकलेला मुलगा व्यवसायालाच नावे ठेवतो. नागपूरला विमानाच्या सांगाड्यावर काम करणाऱ्या फिटरचा अभ्यासक्रम दासो कंपनीच्या सहकार्याने शासकीय आयटीआयमध्ये सुरू झाला, ही खरोखर मोलाची गोष्ट आहे, कारण तिथे उद्योगाने स्वतः यंत्रे आणि प्रशिक्षण पुरवले. पण त्या तुकडीतल्या जागा मोजक्याच असतात. देशभरात आयटीआयच्या सुमारे २५ लाख मंजूर जागांपैकी निम्म्याच्या आसपासच भरतात, यामागे लोकांची नावड जशी आहे, तशी कित्येक संस्थांची दुरवस्थाही आहे: जुनी लेथ, रिकामी शिल्पनिदेशकाची जागा, सरावाला न पुरणारे इलेक्ट्रोड. ज्या वेल्डरने वर्षभरात मोजक्याच कांड्या जाळल्या, त्याला सिक्स-जीच्या परीक्षेला कोण उभे करणार?

म्हणून पारशिवनीच्या एखाद्या घरात यंदा हा फॉर्म भरला जाणार असेल तर चौकशीचा रोख बदलायला हवा. आयटीआयला किती टक्क्यांवाले जातात हे विचारून काही कळत नाही. ज्या ट्रेडला प्रवेश घ्यायचा त्याची कार्यशाळा आधी पाहून यावी: यंत्रे चालू आहेत का, प्रत्येक मुलाला हात लावायला मिळतो का, त्या ट्रेडचे निदेशक नेमलेले आहेत का, संलग्नता चालू वर्षाची आहे का. मागच्या दोन तुकड्यांतली मुले शिकाऊ उमेदवारीला कुठे लागली, हे संस्थेला विचारता येते. तीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, तेव्हा जवळपासच्या कोणत्या आस्थापना ते घेतात हे शोधणे अवघड नाही. उमेदवारी संपल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची, वीजतंत्र्याने परवान्यासाठी अर्ज करायचा, वेल्डरने आयबीआरची तयारी धरायची. या तीन-चार वर्षांचा खर्च आणि मुलाच्या राहण्या-खाण्याची सोय आधीच घरात ठरवायची. कित्येक मुले पहिल्याच पायरीवर, तुटपुंज्या विद्यावेतनावर कंटाळून परत येतात, आणि त्यांच्या परत येण्यावरून गाव ठरवते की या धंद्यात काही नाही. अभियांत्रिकीच्या चार वर्षांचे शुल्क भरताना जे घर पुढच्या कमाईसाठी थांबायला तयार असते, त्याच घराने फिटरच्या चार वर्षांसाठी तेवढाच धीर आणि त्याच्या निम्म्याहून कमी पैसा बाजूला काढला, तर त्या मुलाला शिकाऊ उमेदवारी अर्ध्यावर सोडून ठेकेदाराकडे रोजंदारीला जावे लागणार नाही.